फॅनच्या खोक्यावरचे २१ डेसिबल रात्री एवढे मोठे का वाटतात

डिसेंबर लागला की नागपुरातले सीलिंग फॅन बंद होतात, आणि मग बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळतं की आपला कॉम्प्युटर केवढा आवाज करतो. आधीचे कितीतरी महिने तो आवाज वरच्या पंख्यात नाहीतर खिडकीतल्या कूलरमध्ये बुडून गेलेला असतो. माझ्या मेहुण्याचं तेच झालं, त्याने पावसाळ्यात पीसी बनवला, फॅन घेताना खोक्यावरचे डेसिबल बघून घेतले, २५ वाले सोडले आणि २१ वाले चार उचलले, तीन पुढे लावले आणि एक मागे. डिसेंबरात रात्री साडेअकराला त्याचा फोन, "भाऊजी, हा डबा झोपू देत नाही हो, सारखं घुंऽऽ घुंऽऽ चालू आहे, २१ डेसिबल म्हणजे तर कुजबुजण्यापेक्षाही कमी ना?"

आता खोक्यावर लिहिलेलं खोटंच होतं असं मी म्हणणार नाही. पण तो आकडा ज्या परिस्थितीत मोजला जातो ती आपल्या घरात कधीच नसते, आणि हे एकदा नीट कळलं की फॅन निवडायची पद्धतच बदलते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डेसिबल हे किलो-लिटरसारखं सरळ माप नाही. दोन सारखे फॅन लावले तर २१ आणि २१ मिळून ४२ होत नाहीत, २४ होतात, म्हणजे आवाजाचे स्रोत दुप्पट झाले की ३ वाढतात. चार फॅन म्हणजे २७. आणि आवाज साधारण १० डेसिबलनी वाढला की आपल्या कानाला तो अंदाजे दुप्पट मोठा वाटतो. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा १ मीटर अंतरावरून, प्रतिध्वनी अजिबात नसलेल्या खोलीत, एकटा फॅन मोकळ्या हवेत धरून मोजलेला असतो. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल वाढतात, आणि मेहुण्याचं कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, टेबलावर, कानापासून अर्ध्या मीटरवर. तर २१ मध्ये चार फॅनचे ६ मिळवा, अंतराचे ६ मिळवा, झाले ३३, आणि अजून आपण फॅन जाळीच्या मागे कोंबलेलेच नाहीत, भिंतीवर आपटून परत येणारा आवाजही धरलेला नाही. रात्री सगळं शांत झाल्यावर खोलीचा स्वतःचा आवाज ३० च्या आसपास असतो. मग ऐकू येणारच की!

त्यात अजून एक गोष्ट आहे. तो आकडा डीबीए मध्ये असतो, म्हणजे माणसाच्या कानाला खालचे, खर्जातले आवाज कमी ऐकू येतात म्हणून मोजतानाच त्यातून काही वजा केलेलं असतं, १२५ हर्ट्झच्या आवाजातून तर तब्बल १६ डेसिबल वजा होतात. हे शास्त्राला धरूनच आहे, पण एकसारखी घुमणारी खर्जातली गुणगुण आणि पाऊस पडल्यासारखी सपाट सूंऽऽ या दोन्हींचा आकडा सारखा आला तरी पहिलीने डोकं उठतं आणि दुसरीत झोप लागते. हा फरक त्या एका आकड्यात येतच नाही.

म्हणून आधी फॅनच्या आवाजाचे प्रकार वेगळे करून ऐकायला शिकावं. सगळ्यात मोठा भाग असतो हवेच्या खळबळीचा, पात्यांवरून हवा सरकताना भोवरे तयार होतात त्याची सूंऽऽ. दुसरा भाग म्हणजे सूर. प्रत्येक पातं चौकटीच्या दांड्यांवरून जाताना हवेला एक धक्का देतं आणि हे धक्के ठरावीक वेळाने आले की कानाला स्वर ऐकू येतो. हिशोब अगदी सोपा आहे, पात्यांची संख्या गुणिले आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, भागिले ६०. सात पात्यांचा फॅन १२०० वर फिरतोय तर १४० हर्ट्झ. गाणं शिकलेल्यांना सांगतो, पुरुष गायक काळी एक मध्ये गातात तेव्हा त्यांचा षड्ज १३८.६ हर्ट्झचा असतो, म्हणजे साधारण ११९० आरपीएमवर तुमचा सात पात्यांचा फॅन काळी एकचा सा लावून बसलेला असतो. हार्मोनियम घरात असेल तर खरंच जुळवून बघा, आणि गंमत म्हणून नव्हे, त्यावरून कुठला फॅन ओरडतोय ते सापडतं कारण प्रत्येक फॅनचा वेग स्क्रीनवर दिसतो आणि त्यावरून सूर काढता येतो.

मेहुण्याच्या घुंऽऽ घुंऽऽ चं कारणही इथेच होतं. तानपुऱ्याची जोडीची तार किंचित उतरलेली असली की आवाज कसा लाटेसारखा वरखाली होतो, मिरजेच्या तानपुऱ्याजवळ बसलेल्या कुणालाही हे माहीत आहे, आणि तार पूर्ण जुळली की ती लाट थांबते. फॅनचंही तसंच. पुढचे तीनही एकाच मॉडेलचे, तिघांनाही मदरबोर्डने, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या मुख्य सर्किटच्या पाटीने, १२०० सांगितलेलं, पण कुठलेही दोन फॅन तंतोतंत सारखे फिरत नाहीत, एक १२०० वर आणि दुसरा १२१२ वर, म्हणजे १४० आणि १४१.४ हर्ट्झ, आणि यातून सेकंदाला दीडेक वेळा आवाज चढतो आणि उतरतो. फोनवर त्याला मी एवढंच सांगितलं की मधल्या फॅनचा वेग १०५० कर आणि परत कान दे. लाट गेली. गुणगुण होती अजून, पण ते घुमणं गेलं आणि तो त्या रात्री झोपला. नोक्टुआ या ऑस्ट्रियाच्या कंपनीने तर २०२४ मध्ये १४० मिलिमीटरच्या नव्या फॅनचा जोडसंच आणला, त्यातले दोन फॅन मुद्दामच थोड्या वेगळ्या वेगाने फिरतात, याच कारणासाठी.

आता डिझाइनकडे येऊ, कारण चांगला फॅन आणि साधा फॅन यात फरक कुठे असतो ते फोटो बघूनही बरंचसं कळतं. फॅन हातात घ्या आणि मागच्या बाजूने बघा, मधल्या मोटरला धरून ठेवणारे चार दांडे दिसतील, त्यातल्या एकातून वायर गेलेली असते. पाती बहुतेक सात नाहीतर नऊ, आठ शक्यतो नसतात. कारण आठ पाती आणि चार दांडे असते तर चार पाती एकाच क्षणी चार दांड्यांवर आली असती आणि चारही धक्के एकत्र पडून सूर मोठा झाला असता, सात किंवा नऊ असली की एका वेळी एकच पातं एका दांड्यावर येतं. तसंच पात्याची मागची कड आणि दांडा समांतर आहेत का ते बघा. समांतर असतील तर पूर्ण पातं एकदम दांड्यावरून जातं, थप्प! तिरपे असतील तर कात्रीसारखं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातं, आणि धक्का पसरतो. काही फॅनमध्ये दोन पात्यांमधलं अंतरही मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, म्हणजे एकच एक सूर तयारच होऊ नये.

दुसरी जागा म्हणजे पात्याचं टोक आणि चौकट यांच्यातली फट. फॅन म्हणजे एका बाजूला कमी दाब आणि दुसऱ्या बाजूला जास्त दाब, आणि ही हवा जिथून जमेल तिथून मागे पळायला बघते, टोकाजवळच्या फटीतून ती परत वळून येते, तिथे भोवरे होतात, आवाजही होतो आणि दाबही वाया जातो. नोक्टुआच्या २०१८ च्या एनएफ-ए१२एक्स२५ मध्ये ही फट फक्त ०.५ मिलिमीटर आहे. ऐकायला सोपं वाटतं पण प्लास्टिक सतत फिरून आणि गरम होऊन ताणलं जातं, पाती वर्षानुवर्षांत लांबतात आणि चौकटीला घासायला लागतात, म्हणून त्यांना लिक्विड क्रिस्टल पॉलिमर नावाचं खूप कडक प्लास्टिक वापरावं लागलं. रंग बदलला की त्या प्लास्टिकचं वागणंही बदलतं, त्यामुळे तोच फॅन काळ्या रंगात यायला २०२१ उजाडलं. महाग फॅनचे पैसे कुठे जातात असं कुणी विचारलं की मी या अर्ध्या मिलिमीटरकडे बोट दाखवतो. दुसरा उपाय म्हणजे सगळ्या पात्यांची टोकं एका गोल कड्याने जोडून टाकायची, हल्ली बऱ्याच फॅनमध्ये असतं हे, त्याने पात्याचं टोक थरथरत नाही, पण कडं जड असतं आणि ते नीट बॅलन्स केलेलं नसेल तर जास्त वेगात सगळं कॅबिनेट घणघणतं.

आता हवा ढकलण्याची गोष्ट, आणि इथे विदर्भातल्या लोकांना समजावणं मला सोपं जातं. डेझर्ट कूलरमधला पंखा आणि किचनमधला एक्झॉस्ट, दोघंही हवाच हलवतात, पण कूलरच्या पंख्याला ओल्या ताट्यांमधून हवा ओढायची असते. ताट्या नव्या, दाट असल्या की पंख्यावर ताण येतो आणि वारा कमी लागतो, हे आपण दरवर्षी एप्रिलमध्ये बघतो. कॉम्प्युटरमध्ये ताटी म्हणजे हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या पत्र्या, पाण्याने थंड करणाऱ्या कॉम्प्युटरमधला रेडिएटर, डस्ट फिल्टर, कॅबिनेटची पुढची जाळी. फॅनच्या खोक्यावर दोन आकडे असतात, एक सीएफएम (मिनिटाला घनफूट) किंवा ताशी घनमीटर, म्हणजे किती हवा, आणि दुसरा मिलिमीटर पाणी, म्हणजे किती दाब. पहिला आकडा समोर काहीही अडथळा नसताना मोजलेला, दुसरा तोंड पूर्ण बंद करून हवा अजिबात जात नसताना मोजलेला. उदाहरणार्थ वर सांगितलेल्या नोक्टुआच्या एनएफ-ए१२एक्स२५ चे आकडे आहेत ताशी १०२.१ घनमीटर आणि २.३४ मिलिमीटर पाणी. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत, तुमचा फॅन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतो आणि तुमच्या कामाचा आकडा खोक्यावर नसतोच. फँटेक्स या कंपनीने २०२१ मध्ये टी३० नावाचा फॅन आणला, नेहमीच्या २५ मिलिमीटर ऐवजी ३० मिलिमीटर जाड. जाडी वाढली म्हणजे पातं खोल झालं, तोच दाब कमी वेगात देता येतो, आणि वेग कमी म्हणजे आवाज कमी. फक्त घेण्याआधी पट्टीने मोजा, ५ मिलिमीटरसाठी रॅम किंवा ग्राफिक्स कार्डाला अडतो कधीकधी.

या सगळ्यात माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम वेगाचा आहे. वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, दाब चौपट, लागणारी वीज आठपट, आणि आवाज साधारण १५ डेसिबलनी वाढतो. उलट दिशेने वाचा आता. १६०० वर फिरणारा एक फॅन काढून तिथे ८०० वर फिरणारे दोन लावले, मोकळ्या हवेत वारा तेवढाच, प्रत्येकाचा आवाज १५ ने कमी, दोघांचा मिळून ३ वाढला, म्हणजे एकूण १२ डेसिबल कमी, कानाला निम्म्याहून कमी वाटेल इतका फरक आणि तोही कुठलीही महागडी टेक्नॉलॉजी न वापरता. अडचण एकच की ८०० वर दाब चौथाईवर येतो, त्यामुळे दाट रेडिएटरवर हे गणित तेवढं चालत नाही, पण समोर नुसती मोकळी जाळी असेल तर चालतं. तसंच १२० ऐवजी १४० मिलिमीटरचा फॅन, तोच फॅन मोठा केला असं धरलं तर १२० वाला १२०० वर जेवढी हवा देतो तेवढी १४० वाला ७५५ च्या आसपास देतो आणि आवाज अंदाजे ५ डेसिबलनी कमी होतो. कॅबिनेटमध्ये जागा असूनही लोक १२० लावतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

बेअरिंगबद्दल थोडक्यात. स्वस्त फॅनमध्ये स्लीव्ह बेअरिंग असतं, नवीन असताना एकदम शांत, पण तेल सुकलं की खरखर सुरू, आणि फॅन आडवा म्हणजे कॅबिनेटच्या छताला लावला तर ते लवकर होतं. बॉल बेअरिंग उष्णतेत टिकतं पण पहिल्या दिवसापासून बारीक गुरगुरतं. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगमध्ये आतल्या नळीला बारीक खाचा असतात, त्यामुळे फिरताना तेलाचा थर स्वतःच दाब धरून ठेवतो, घरच्या वापराला हेच घ्यावं असं मी सांगेन. बेअरिंगचा आणि मोटरचा आवाज ऐकायचा तर फॅन अगदी हळू, ४००-५०० वर चालवा, हवेचा आवाज जवळपास नाहीसा होतो आणि मागे टिकटिक किंवा कुरकुर राहते का ते कळतं.

आता मेहुण्याच्या उरलेल्या गुणगुणीकडे. रविवारी त्याच्याकडे गेलो, वर्तमानपत्राची सुरळी केली, एक टोक कानाला आणि दुसरं कॅबिनेटवर फिरवत गेलो, आवाज पुढच्या जाळीतून येत होता. मग एक फॅन काढून वायर तशीच ठेवून हातात धरला, १२०० वर चालू. मोकळ्या हवेत नुसती सूंऽऽ, सूर जवळजवळ नाहीच. मग तोच फॅन हळूहळू जाळीजवळ नेला, हवा आत ओढणारी बाजू जाळीकडे. चार बोटं अंतर असताना काही नाही, दोन बोटं, काही नाही, एका बोटावर आला आणि गुणगुण सुरू, जाळीला टेकवला तर स्पष्ट भुंग्यासारखा सूर. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, परत करा," मग पाच-सहा वेळा पुढे-मागे केलं, दर वेळी तेच. कारण पात्यात शिरणारी हवा आधीच जाळीच्या तारांनी कापलेली, तुकडे झालेली असते आणि प्रत्येक पातं त्या तुकड्यांवर आपटतं. हीच जाळी हवा बाहेर फेकणाऱ्या बाजूला असती तर एवढा त्रास झाला नसता. शोरूममध्ये, व्हिडिओमध्ये, खोक्यावर, सगळीकडे फॅन मोकळा ऐकवतात, आणि आपण तो जाळीला चिकटवून लावतो!

म्हणूनच दोन फॅनची तुलना करायची तर माझा आग्रह असतो की दोन्ही एकाच अडथळ्यावर लावा, एकाच अंतरावरून ऐका, आणि आधी दोघांचा आवाज सारखा करा. म्हणजे वेग सारखा नाही, आवाज सारखा. एक ११०० वर आणि दुसरा १३५० वर जाऊन कानाला सारखे वाटले तर तिथे थांबा आणि मग प्रोसेसर किती गरम होतो ते बघा, ज्याच्यात तापमान कमी तो फॅन चांगला. चांगले रिव्ह्यू करणारे हेच करतात. दोघांनाही फुल स्पीडवर पळवून कोण थंड ठेवतो हे बघण्याला काही अर्थ नाही, कारण जास्त आरपीएमवाला जिंकणारच. मोबाइलवरचं डेसिबल ॲप आकड्यासाठी वापरू नका, २० डेसिबलचा फॅन ३० डेसिबलच्या खोलीत मोजता येत नाही आणि मोबाइलचा माइक त्यासाठी बनवलेलाही नाही. पण आवाजाच्या पट्ट्या दाखवणारं स्पेक्ट्रम ॲप मात्र उपयोगी आहे, १४० ला उंच रेघ दिसली की सूर सापडला.

शेवटची गोष्ट फॅन कर्व्हची, म्हणजे किती तापमानाला फॅन किती वेगाने फिरवायचा त्या आलेखाची. प्रोसेसरचं तापमान एक ब्राउझर उघडला तरी सेकंदात १५ डिग्री उडी मारतं आणि परत खाली येतं, आणि फॅन त्याच्या मागे पळत राहिला की सारखं व्हूऽऽ, शांत, व्हूऽऽ, शांत होत राहतं. कान बदलत्या आवाजाकडे लगेच जातो, एकसारखा आवाज काही वेळाने विसरतो. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बहुतेक बोर्डांना फॅनचा वेग वाढायला आणि उतरायला किती वेळ घ्यायचा ते सेट करता येतं, तिथे पाच-सहा सेकंद द्या, आणि कर्व्ह ६० डिग्रीपर्यंत सपाट ठेवा.

मेहुण्याकडे नवीन काहीच विकत घेतलं नाही. पुढच्या फॅन आणि जाळीच्या मध्ये जुन्या बंद पडलेल्या १२० च्या फॅनची पाती आणि दांडे कापून नुसत्या चौकटी लावल्या, २५ मिलिमीटर अंतर मिळालं, सूर गेला. पुढचे तीन ८०० आणि ९०० च्या दरम्यान वेगवेगळ्या वेगावर, मागचा ७००. गेम खेळताना तापमान आधीपेक्षा ४ डिग्री जास्त येतं, ते चालतं. आणि बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह केलीत, एक थंडीचं आणि एक एप्रिलपासूनचं, कारण डिसेंबरात त्याची खोली २२ डिग्रीवर असते आणि मे मध्ये ३८ वर, हा १६ डिग्रीचा फरक जसाच्या तसा प्रोसेसरवर चढतो. दुसऱ्या प्रोफाइलमध्ये फॅन १३०० पर्यंत जातात, पण तेव्हा खिडकीतला कूलर चालू असतो.